आय सेव्हनचं स्टिकर आणि काशीयात्रा

भाचीला यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि बेळगावजवळच्या खानापूरहून मामाला, म्हणजे मला, फोन आला. लॅपटॉप घ्यायचाय, तुम्ही बरोबर चला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगच्या आवाजात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला घरचे लोक सगळ्याच यंत्रांतलं कळतं असं समजतात. गेलो.

दुकानात दोन लॅपटॉप समोर आले. एक कुठल्याशा कंपनीतून परत आलेला, पुसूनपासून चकचकीत केलेला, वर इंटेलच्या ‘आय सेव्हन’ प्रोसेसरचं, म्हणजे आतल्या मेंदूचं, स्टिकर. दुसरा कोरा, पण ‘आय थ्री’. किंमत जवळपास सारखीच. भाची माझ्या कानाशी म्हणाली, “मामा, सेव्हन थ्रीपेक्षा मोठा न्हवं?”

मोठा, पण त्या आकड्याला तुकडी समजायचं, इयत्ता नव्हे. इयत्ता त्याच्यापुढच्या आकड्यात असते. जुन्या लॅपटॉपवर बारीक अक्षरांत ‘आय७-७५००यू’ होतं. शेवटचे तीन आकडे सोडले की उरतो ७, म्हणजे सातवी पिढी. कोऱ्यावर ‘आय३-१२१५यू’. अशा नव्या आकड्यात सुरुवातीचे दोन धरायचे, १२, म्हणजे बारावी. सातवी ‘अ’मधला पोरगा कितीही हुशार असला तरी बारावी ‘क’चं गणित त्याला कसं सुटणार? सातव्या पिढीचा तो प्रोसेसर २०१६चा, आत दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. बाराव्या पिढीचा २०२२चा, आत सहा. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. म्हणजे ते आय सेव्हन घेतल्या दिवसापासून म्हातारं.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये गोम वेगळी. ‘रायझन ५ ७५२०यू’ यात पहिला ७ बघून माणूस खूश होतो, पण आतली रचना कुठल्या काळातली हे तिसरा आकडा सांगतो. तिथे २ आहे, म्हणजे झेन २, ती २०१९ची रचना. इंटेलनेही २०२३च्या अखेरीस ‘आय’ काढून ‘कोअर अल्ट्रा’ वगैरे नवी बारशी केलीत. नाव ठेवणाऱ्यांना गिऱ्हाईक गोंधळलेलंच बरं वाटत असावं.

खरं सांगायचं तर लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसर मंद असतो म्हणून नाही. प्रोसेसर वाट बघत बसलेला असतो म्हणून. आमच्या शॉपमध्येही हेच. टर्नरचा हात कितीही चालला तरी कास्टिंग वेळेवर आलं नाही तर लेथ नुसतीच फिरते.

हिशोब करून बघू. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका सेकंदात तीन अब्ज ठोके घेतो. त्याचा एक ठोका आपण एक सेकंद मानू. या मापाने रॅममधून, म्हणजे चालू काम ठेवायच्या तात्पुरत्या जागेतून, माहिती आणायला साधारण पाच मिनिटं लागतात. टर्नर शेजारच्या शेडमधून घडवायचा जॉब घेऊन आला, एवढंच. एसएसडीतून, म्हणजे कायमच्या साठवणीच्या नव्या चिपांमधून, आणायची तर साडेतीन दिवस, म्हणजे पुण्याला जाऊन, माल मिळेपर्यंत मुक्काम करून परत. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून? सुमारे दीड वर्ष! पायी काशीयात्रा करून आल्यासारखं. कारण तिथे खरोखरची तबकडी फिरत असते, मिनिटाला ५४०० वेळा. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचं, त्याआधी सुईचा दांडा सरकवायचा. आपल्याला ते क्षणभर वाटतं, पण तेवढ्यात प्रोसेसरचे साडेचार कोटी ठोके फुकट जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार तेवढा वाचायचा. त्या आय सेव्हनमध्ये एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती, आणि दुकानदार तीच कौतुकाने सांगत होता.

मग रॅम किती? रॅमचा एकेक कप्पा म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं. हे कप्पे गळक्या घागरींसारखे असतात. भार झिरपून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी सगळे पुन्हा भरावे लागतात. १६ जीबीमध्ये अशा घागरी सुमारे १३७ अब्ज. वीज गेली की सगळ्या रिकाम्या, म्हणून सेव्ह न केलेलं काम जातं.

ही जागा भरली की विंडोज जास्तीचा पसारा एसएसडीवर हलवतं, आणि पाच मिनिटांच्या कामाला साडेतीन दिवस लागायला लागतात. ब्राउझरच्या वीस खिडक्या, एक ऑनलाइन वर्ग आणि प्रोग्रॅम लिहायचं साधन एकदम उघडलं की ८ जीबी तुडुंब. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर पडद्याचं चित्रही याच रॅममधून वाटा घेतं. चार वर्षं वापरायचा तर १६ घ्यावी. पैसे आज कमी असतील तर ८ घ्या, पण मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला डाग देऊन कायमची बसवलेली असते, मग वाढवता येत नाही. स्लॉट असेल तर ८ची दुसरी पट्टी टाकल्यावर दुहेरी फायदा: जागा वाढते आणि रस्ताही दुपदरी होतो.

जाता जाता: ५१२ जीबीची एसएसडी लॅपटॉपमध्ये ४७६च दिसते, त्यात फसवणूक नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या.

नावाच्या शेवटचं ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटचा प्रोसेसर, ‘एच’ म्हणजे ४५च्या आसपासचा. वेग वाढवायचा तर व्होल्टेज चढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. मेकॅनिकलच्या पोराला त्रिमितीय ड्रॉइंग करायचं असेल तर एच आणि वेगळं ग्राफिक कार्ड हवं. भाचीला यू पुरे. फक्त गादीवर ठेवून वापरू नकोस म्हटलं, खालच्या जाळ्या बंद होतात.

तिच्या गावी पावसाळ्यात वीज किती वेळ राहील याचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी नीट पाहिली. ‘दिवसभर चालते’ हे ऐकायचं नाही, वॉट-तास विचारायचे. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि वापर ८ वॉट, तर सहा तासांच्या वर. पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणाऱ्या जातीचा, आहे की नाही ते बाजूने वाकून बघितलं. रंग पालटले नाहीत.

शेवटी कोरा आय थ्री घेतला, रॅमची दुसरी पट्टी तिथेच बसवून. दुकानदाराने कीबोर्डवर चिकटवायला अक्षरांचे स्टिकर दिले, पण कन्नडचे. मराठीचे संपले होते. भाचीने तेच लावले. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्ड-मांडणीत कन्नड ‘क’ जिथे तिथेच मराठी ‘क’, दोन्हींचा ‘ळ’ही एकाच बटणावर. शाळेत दोन्ही लिप्या गिरवलेली पोर ती. आता कन्नड अक्षरं बघून मला मराठीत मेसेज टाइप करते.