'आज रात्री 12.30 ते 3.30 मोबाईल बंद ठेवा': खुलासा

"आज रात्री 12.30 ते 3.30 पृथ्वीजवळून घातक कॉस्मिक किरणं जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा, नासा आणि बीबीसीनं सांगितलंय." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तारीख कधीच नसते, नुसतं 'आज रात्री'. म्हणूनच तो शिळा होत नाही. असा इशारा नासानंही दिलेला नाही, बीबीसीनंही नाही.

कॉस्मिक किरणं, म्हणजे अंतराळातून येणारे अतिवेगवान कण, मात्र खरी आहेत. व्हिक्टर हेस यांनी 1912 साली बलूनमधून उंच जाऊन ती शोधली. 1936 साली त्यांना नोबेल मिळालं. पण ती वेळ ठरवून येत नाहीत, दिवसरात्र पडतच असतात. वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बहुतेक मारा अडवतं. ही किरणं वातावरणावर आदळून तयार होणारे म्युऑन नावाचे कण, तुम्ही हे वाचताय तेव्हाही, तळहातातून साधारण सेकंदाला एक या हिशेबानं आरपार जातायत. फोन चालू असो वा बंद, तो त्यांना ओढून घेत नाही.

नुकसान होतं ते वेगळंच. आईनं हा मेसेज वाचून फोन बंद केला आणि स्टीलच्या डब्यात ठेवला. त्याच रात्री मामाला दवाखान्यात हलवलं होतं. सकाळी डबा उघडून फोन सुरू केला, तर मामीचे अकरा मिस्ड कॉल.