ईश्वरनामाचा आदर (ख्रिस्ती)

देवाचे नाव प्रार्थना, स्तुती, आशीर्वाद आणि सत्य साक्ष यांसाठी घ्यावे; राग, थट्टा, खोटी शपथ किंवा नुसती तोंडाची सवय म्हणून ते घेऊ नये, हा ख्रिस्ती आचारातील एक मूलभूत दंडक. दहा आज्ञांतील ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नकोस’ ही आज्ञा (निर्गम 20:7, अनुवाद 5:11) आणि प्रभूच्या प्रार्थनेतील ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ हे पहिले मागणे (मत्तय 6:9) हे त्याचे दोन आधार. कॅथलिक व ल्यूथरन परंपरेत ही आज्ञा दुसरी गणली जाते, प्रेसबिटेरियन व अँग्लिकन परंपरेत तिसरी. मजकूर तोच, विभागणी वेगळी. इंदुरात दोन्ही परंपरा नांदत असल्याने एकाच गल्लीतील दोन घरांत हा क्रमांक निराळा सांगितला जाणे स्वाभाविक आहे.

आज्ञेतील ‘व्यर्थ’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा जुना वाद आहे. मूळ हिब्रूत ‘शाव’ हा शब्द आहे. पोकळ, निष्फळ, खोटे असे त्याचे अर्थ होतात. एका मतानुसार आज्ञेचा रोख खोट्या शपथेवर आहे. यहुदी भाष्यपरंपरेचा कल बराचसा इकडे असून लेवीय 19:12 मध्ये देवाच्या नावाने खोटी शपथ वाहण्यास स्पष्ट मनाई आहे. दुसऱ्या मताने येथे मंत्रतंत्र व जादूटोण्यासाठी नाव वापरणे अभिप्रेत आहे. तिसरे मत ‘नासा’ या क्रियापदावर उभे आहे. मराठीत आपण ‘घेणे’ म्हणतो, पण हिब्रूत ते ‘उचलणे, वाहून नेणे’ असे आहे. म्हणजे देवाची प्रजा म्हणून त्याचे नाव अंगावर वागवायचे आणि वर्तन मात्र पोकळ ठेवायचे, याला ही मनाई आहे. प्रस्तुत लेखकाला पहिल्या मताचा आधार अधिक भक्कम वाटतो. खोट्या साक्षीविषयीच्या आज्ञेत निर्गम 20:16 ‘शेकेर’ (खोटे) हा शब्द वापरते, तर तीच आज्ञा सांगताना अनुवाद 5:20 ‘शाव’ वापरते. दोन्ही शब्द तेथे एकमेकांच्या जागी येतात. तरीही तिसरे मत टाकून देण्याजोगे नाही. मराठीत आपण शपथ ‘वाहतो’. हा निव्वळ योगायोग आहे, पण नाव वाहणे आणि शपथ वाहणे यांतले नाते मराठी कानाला लगेच उमगते.

ज्या नावाविषयी ही आज्ञा आहे ते हिब्रूत योद, हे, वाव, हे अशा चार व्यंजनांनी लिहिले जाते आणि जुन्या करारात सुमारे 6,800 वेळा येते. बायबलबाहेरचा त्याचा सर्वांत जुना निर्विवाद उल्लेख मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात, इ. स. पू. नवव्या शतकात, मिळतो. त्याआधीच्या इजिप्शियन लेखांतील एका स्थळनामाशी त्याचा संबंध जोडतात, पण त्यावर एकमत नाही. या नावाचा उघड उच्चार केव्हा थांबला हेही वादग्रस्त आहे. यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळात, बहुधा इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून पुढे, तो हळूहळू मागे पडला असावा. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’ (माझा प्रभू) म्हणण्याची रीत पडली. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक मंदिरात ते नाव उच्चारीत असे, असे मिश्नात (यहुदी परंपरेच्या जुन्या नियमसंग्रहात) म्हटले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराच्या काही प्राचीन तुकड्यांत ही चार अक्षरे हिब्रू लिपीतच ठेवलेली आढळतात. त्यामुळे ‘कुरियोस’ (प्रभू) हा पर्याय मुळापासून होता की नंतर आला, याबद्दल अभ्यासकांत दुमत आहे.

पुढे मसोराकारांनी (हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी) व्यंजनांना स्वरचिन्हे दिली तेव्हा या चार अक्षरांखाली ‘अदोनाय’चे स्वर लिहिले, वाचणाऱ्याने ‘अदोनाय’ म्हणावे याची ती खूण होती. मध्ययुगीन युरोपातील विद्वानांनी व्यंजने आणि स्वर एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ हे रूप रूढ झाले. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने 2008 मध्ये पत्र काढून कॅथलिक उपासनेत हे नाव उच्चारू वा गाऊ नये, त्याऐवजी ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वापरावा, असे कळवले.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती वाचकाला हा सारा वाद दोन भाषांच्या सांध्यावर भेटतो. शहरातील ख्रिस्ती उपासना मुख्यतः हिंदीतून चालते आणि घरात मराठी बायबल असते. प्रचलित मराठी भाषांतरात चतुरक्षरी नावासाठी ‘परमेश्वर’ आणि ‘एलोहीम’ या ‘देव’ अर्थाच्या हिब्रू सामान्यनामासाठी ‘देव’ हे शब्द आहेत. जुन्या हिंदी प्रोटेस्टंट भाषांतरात त्याच नावासाठी ‘यहोवा’ आणि ‘एलोहीम’साठी ‘परमेश्वर’ आहे. म्हणजे ‘परमेश्वर’ हा एकच शब्द मराठीत विशेषनामाच्या जागी उभा आहे, तर हिंदीत सामान्यनामाच्या. उत्पत्ती 1:1 मध्ये हिंदीत ‘परमेश्वर’ आहे, मराठीत ‘देव’. स्तोत्र 23 मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे आहे, हिंदीत ‘यहोवा मेरा चरवाहा है’. कॅथलिक हिंदी भाषांतरांत ‘प्रभु’ व ‘ईश्वर’ आढळतात. एका परंपरेने नाव उच्चारून आदर राखला, दुसरीने ते झाकून. मराठीने निवडलेली वाट यहुदी रीतीच्या अधिक जवळची आहे आणि प्रस्तुत लेखकाला ती उजवी वाटते.

मराठीत आदर आदरार्थी बहुवचनाने दाखवण्याची सवय असताना देवाला मात्र ‘तू’च म्हटले जाते. बायबलमध्येही ‘येशू त्यांना म्हणाला’ असेच एकवचन येते. संतांच्या अभंगांतल्या ‘तू’शी ते जुळते. या ‘तू’मध्ये सलगी असली तरी अनादर नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

इंदुरात कॅनेडियन प्रेसबिटेरियन मिशनचे काम 1877 मध्ये सुरू झाले. इंदूर ख्रिश्चन कॉलेज हे त्याच मिशनने 1887 मध्ये स्थापन केले. त्या पंथाच्या मान्य ग्रंथांत वेस्टमिन्स्टरची लघुप्रश्नोत्तरी (1647) आहे. तिने नावाची व्याप्ती वाढवून देवाच्या पदव्या, गुण, विधी, वचन आणि कृती या सर्वांचा आदरपूर्वक वापर आज्ञेत समाविष्ट केला. उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथ 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आले. कॅथलिक धर्मप्रांत इंदुरात 1952 पासून आहे.

कॅथलिक व अँग्लिकन परंपरेत येशूचे नाव येताच मस्तक लववण्याची रीत आहे. फिलिप्पै 2:10 हा तिचा आधार. लियों येथील दुसऱ्या चर्च परिषदेने (1274) तिला मान्यता दिली आणि इंग्लंडच्या 1604 च्या नियमावलीतही ती आहे. प्रेसबिटेरियन वळणात तिला फारसे स्थान नाही. रोमन पंचांगात 3 जानेवारी हा येशूच्या पवित्र नावाचा स्मरणदिन आहे.

रोजच्या बोलण्यात हा दंडक शपथेपाशी कसाला लागतो. ‘देवाशप्पथ’ ही मराठी आणि ‘भगवान कसम’ ही हिंदी, दोन्ही इंदुरी जिभेवर सहज येतात. मुलाच्या तोंडून त्यातले काही निसटले की घरातली वडीलधारी माणसे ‘अरे, नाव असं उधळायचं नसतं’ म्हणून थांबवतात. येशूची शिकवण याहून कडक आहे : शपथ मुळीच वाहू नका, तुमचे ‘होय’ ते होय आणि ‘नाही’ ते नाही असू द्या (मत्तय 5:34–37, याकोब 5:12). क्वेकर पंथाने याच आधारावर न्यायालयातील शपथही नाकारली. वेस्टमिन्स्टर परंपरेने गंभीर प्रसंगी, अधिकाऱ्यासमोर घेतलेली खरी शपथ वैध मानली. भारतातील शपथ अधिनियम, 1969 साक्षीदाराला ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन यांपैकी निवड करू देतो.

‘अरे देवा!’ या उद्गाराविषयी मते सौम्य आहेत. दुःखात निघालेला हा शब्द हाक ठरतो की सवय, हे म्हणणाऱ्याच्या मनावर सोडले जाते. ‘देवाच्या नावाने खडे फोडणे’ मात्र सर्वच निषिद्ध मानतात.

वारकरी संस्कारातील नामस्मरणाशी या आज्ञेचा विरोध आहे, असा समज कधी कधी दिसतो. तो बरोबर नाही. मत्तय 6:7 मधील निषेध व्यर्थ बडबडीचा आहे, पुनरुक्तीचा नाही. स्तोत्र 136 मध्ये एकच ध्रुवपद 26 वेळा येते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या नावाची जपासारखी प्रार्थना शतकानुशतके चालत आली आहे. दहा आज्ञा जिथे पाठ केल्या जातात त्याच घरात जेवणाआधी ताटावर हात जोडून, ‘प्रभू येशूच्या नावाने मागतो’ असे म्हणून प्रार्थना संपवतात (योहान 14:13), आणि ‘आमेन’ सगळे मिळून म्हणतात.