आशय-भाषा संयुक्त अध्यापन

घरची भाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांना विज्ञान, गणित, इतिहास असा एखादा शालेय विषय इंग्रजीतून शिकवताना त्या विषयाला लागणारी इंग्रजीही हेतुपूर्वक शिकवण्याची पद्धती. यातला कळीचा शब्द ‘हेतुपूर्वक’ हा आहे. पाठ्यपुस्तक इंग्रजी असले आणि शिक्षक इंग्रजीत बोलत असले, तरी तेवढ्याने अध्यापन संयुक्त होत नाही. पाठाला विषयाचे उद्दिष्ट असते तसेच भाषेचेही असावे लागते, आणि दोन्ही साधली का हे तपासावे लागते.

या पद्धतीला अनेक नावे आहेत आणि ती समानार्थी नाहीत. उत्तर अमेरिकेत ‘कंटेंट-बेस्ड इन्स्ट्रक्शन’ ही व्यापक संज्ञा चालते. ब्रिन्टन, स्नो आणि वेशे यांनी १९८९ मध्ये तिचे तीन प्रकार केले. पहिल्यात भाषेचाच तास एखाद्या विषयसूत्राभोवती गुंफला जातो. ‘शेल्टर्ड’ या दुसऱ्या प्रकारात विषयशिक्षक केवळ भाषा शिकणाऱ्यांच्या वर्गाला विषय शिकवतो. तिसऱ्यात विषयाचा आणि भाषेचा असे दोन जोडवर्ग समन्वयाने चालतात. युरोपात रूढ झालेली संज्ञा म्हणजे ‘कंटेंट अँड लँग्वेज इंटिग्रेटेड लर्निंग’, संक्षेपाने ‘क्लिल’. ती १९९४ च्या सुमारास फिनलंडमधील डेव्हिड मार्श यांच्या पुढाकाराने प्रचारात आली. क्लिल ही इमर्शनहून, म्हणजे शालेय विषय दुसऱ्या भाषेच्या माध्यमातूनच शिकवण्याच्या पद्धतीहून, वेगळी आहे, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. सेनोस, जेनेसी आणि गोर्टर यांनी २०१४ मध्ये हा दावा तपासला आणि दोहोंमधली सीमारेषा पुसट असल्याचे दाखवले. त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

उगम : परक्या भाषेतून ज्ञान घेण्याची रीत जुनीच आहे, मध्ययुगीन युरोपातली विद्यापीठे लॅटिनमधून चालत. मात्र तिथे भाषा ही प्रवेशाची अट होती, पाठाचे उद्दिष्ट नव्हते. त्यामुळे त्या परंपरेला या पद्धतीची पूर्वपीठिका म्हणणे सैलपणाचे ठरेल.

आधुनिक उगम बहुतेक अभ्यासक कॅनडातील क्वेबेक प्रांतात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे शोधतात. १९६५ मध्ये तिथल्या इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून फ्रेंच माध्यमाचा, म्हणजेच इमर्शनचा, प्रयोग सुरू झाला. वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्याचा पाठपुरावा करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : मुलांचे विषयज्ञान मागे पडले नाही, इंग्रजीही खालावली नाही आणि फ्रेंच पुष्कळ सुधारली. या प्रयोगाचा दाखला सर्रास दिला जातो; पण त्यातली मुले बहुसंख्याकांच्या प्रतिष्ठित भाषेची होती आणि ती भाषा गमावण्याचे भय त्यांना नव्हते. स्थलांतरित मुलाची स्थिती नेमकी उलट असते. त्यामुळे सेंट लँबर्टचे निष्कर्ष इंग्रजी शिकणाऱ्या अल्पसंख्याक मुलांना जसेच्या तसे लावणे चूक आहे. लँबर्ट यांनी स्वतःच द्विभाषिकतेचे भर घालणारी (नवी भाषा घरच्या भाषेत भर टाकते) आणि वजा करणारी (नवी भाषा घरच्या भाषेची जागा घेते) असे दोन प्रकार केले होते, ते याच कारणाने.

इंग्रजीपुरता विचार केला, तर दुसरा उगम अमेरिकेतील न्यायालयीन लढ्यात सापडतो आणि तो अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोमधील सुमारे १,८०० चिनीभाषक विद्यार्थ्यांना इंग्रजीची कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी १९७४ रोजी एकमताने निर्णय दिला. पुस्तके, शिक्षक आणि अभ्यासक्रम सर्वांना सारखेच दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नव्हे. ज्यांना शिकवलेले समजतच नाही ते शिक्षणाला मुकतात, हा त्याचा आशय. उपाय कोणता करावा हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. १९८१ च्या ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ या खटल्यात अपील न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या : कार्यक्रमाला मान्य शैक्षणिक सिद्धांताचा आधार हवा, अंमलबजावणीला पुरेशी साधने हवीत आणि काही काळाने परिणाम दिसायला हवा.

‘शेल्टर्ड’ ही कल्पना साधारणपणे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या नावावर जमा आहे. समजण्याजोगी भाषा भरपूर कानी पडली की भाषा आत्मसात होते, हा त्यांचा सिद्धांत. १९८० च्या दशकाच्या आरंभी ओटावा विद्यापीठात मानसशास्त्राच्या वर्गांवर तो अजमावला गेला.

विषयाची भाषा : जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात असा त्यांचा अंदाज होता. ही विभागणी फार ढोबळ असल्याची टीका झाली. तरीही मैदानावर सफाईने इंग्रजी बोलणारे मूल विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत का अडते, याचे इतके सोपे स्पष्टीकरण दुसरे नाही.

अडचण केवळ पारिभाषिक शब्दांची नसते. ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द वर्गात सगळ्यांनाच नवा असतो, म्हणून शिक्षक तो शिकवतोच. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांनी. ‘टेबल’ म्हणजे कोष्टक, ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकार, ‘सोल्यूशन’ म्हणजे द्रावण, ‘मीन’ म्हणजे सरासरी, हे अर्थ कोणी वेगळे सांगत नाही. त्याहून बारीक अडचण वाक्यरचनेची. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ हे शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडणारा विद्यार्थी ‘५ वजा क्ष’ लिहितो; बरोबर उत्तर ‘क्ष वजा ५’ आहे. त्याला बीजगणित येते. त्याचे अडते ते ‘लेस दॅन’पाशी, आणि लाल रेघ मात्र गणिताच्या वहीत पडते.

विज्ञानात क्रियापदाचे नाम होते. ‘वॉटर इव्हॅपोरेट्स’ या वाक्यातली क्रिया पुढच्या परिच्छेदात ‘द रेट ऑफ इव्हॅपोरेशन’ अशी वस्तूसारखी उभी राहते. भाषाशास्त्रज्ञ एम. ए. के. हॅलिडे यांनी याला व्याकरणिक रूपक म्हटले. त्यांच्या विचारातून ऑस्ट्रेलियात लेखनप्रकारांवर आधारलेली अध्यापनाची मोठी परंपरा वाढली.

पाठाची घडण : भाषेचे उद्दिष्ट ठरवताना स्नो, मेट आणि जेनेसी यांनी १९८९ मध्ये केलेला भेद आजही उपयोगी पडतो. जिच्याविना पाठ शिकताच येत नाही ती आशयाला अनिवार्य भाषा, आणि पाठाच्या निमित्ताने सहज शिकवता येते ती आशयाशी सुसंगत भाषा. बाष्पीभवनाच्या पाठात ‘हीट’, ‘व्हेपर’ हे शब्द आणि ‘व्हेन… इज हीटेड’ ही रचना अनिवार्य. तुलनेची रूपे सुसंगत.

प्रयोग झाल्यावर विद्यार्थी म्हणतो, ‘वॉटर गो अप बिकॉज हॉट.’ त्याला कारण समजले आहे, हे शिक्षकाने आधी मान्य करायला हवे. मग फळ्यावर अर्धे वाक्य येते : ‘व्हेन वॉटर इज हीटेड, इट…’. जोडीदाराशी बोलून विद्यार्थी ते पुरे करतो, पुन्हा मोठ्याने म्हणतो आणि शेवटी आकृतीखाली लिहितो. वाक्याचा हा सांगाडा पुढच्या पाठांत हळूहळू काढून घ्यायचा असतो. तो कायम ठेवला, तर विद्यार्थी रिकाम्या जागा भरण्यातच तरबेज होतो. अमेरिकेत एचेव्हरिया, व्होग्ट आणि शॉर्ट यांनी पाठनियोजनासाठी ‘सायॉप’ (‘शेल्टर्ड इन्स्ट्रक्शन ऑब्झर्वेशन प्रोटोकॉल’) हा आराखडा केला. त्यात ८ घटक आणि ३० वैशिष्ट्ये आहेत.

समजणे आणि बोलणे यांतील दरी : कॅनडातील इमर्शनच्या मुलांचे ऐकणे-वाचणे मूळ भाषकांच्या जवळ पोहोचले, पण वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकूनही बोलण्यात-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये क्रॅशन यांच्या सिद्धांताला मुरड घातली. ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावून पुढे जाऊ शकतो, बोलणाऱ्याला मात्र रूप नेमके निवडावे लागते. म्हणून विद्यार्थ्याला बोलते-लिहिते करणे हे शिकण्याचेच अंग आहे. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये वर्गातल्या दुरुस्त्या मोजल्या. निम्म्याहून अधिक वेळा शिक्षक चुकीचे वाक्य स्वतःच नीट करून म्हणत, आणि विद्यार्थ्यांचा प्रतिसाद याच प्रकाराला सर्वांत कमी मिळे. शिक्षकाने आपल्या उत्तराला दुजोरा दिला एवढेच मुलाला जाणवते. दुरुस्ती झाली हे त्याच्या लक्षातच येत नाही.

घरच्या भाषेचे स्थान : पूर्वी वर्गात केवळ इंग्रजीच असावी असा दंडक होता. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत मांडण्याची रीत वर्णिली. तिचे ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ हे नाव पुढे ओफेलिया गार्सिया यांच्या लेखनामुळे सर्वतोमुखी झाले. प्रयोगाची चर्चा घरच्या भाषेत आणि अहवाल इंग्रजीत, ही विभागणी आता बऱ्याच ठिकाणी मान्य आहे.

परिणाम व मूल्यमापन : मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतले, २००९ मध्ये माघार जाहीर केली आणि २०१२ पासून ती अमलात आणायला सुरुवात केली. हे उदाहरण संयुक्त अध्यापनाच्या अपयशाचे म्हणून दिले जाते. मात्र माध्यमबदल आणि संयुक्त अध्यापन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. क्लिलच्या यशाबाबतही सावधगिरी हवी, कारण त्या वर्गांत पुष्कळदा आधीच हुशार आणि उत्सुक विद्यार्थी निवडून येतात.

परीक्षेत विषयाची समज आणि भाषेवरची पकड एकाच गुणात मिसळतात. जमाल अबेदी यांनी अमेरिकेत गणिताच्या प्रश्नांतली अनावश्यक क्लिष्ट भाषा सोपी करून पाहिली. गणित तसेच ठेवले. इंग्रजी शिकणाऱ्यांचे गुण थोडे वाढले. म्हणून उत्तर तपासताना दोन वेगळे रकाने ठेवावेत असे सुचवले जाते : कारण बरोबर आहे का, आणि ते विषयाच्या भाषेत मांडले आहे का.