जिन्यातला दिवा पावसाळ्यात का चुकतो: पीआयआर आणि मायक्रोवेव्ह सेन्सर

नागपुरात जुलै लागला की जिन्यात आणि पार्किंगमध्ये आपोआप लागणाऱ्या दिव्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि त्याचे खापर दमट हवेवर फोडले जाते. सीताबर्डीच्या दुकानात नुसता ‘मोशन सेन्सर’ मागितला, तर अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन वस्तूंपैकी कोणतीही हाती पडू शकते, आणि ओलीपुढे त्या दोन्ही सारख्या वागत नाहीत. पुढे दुधी रंगाचे, खाचाखाचांचे घुमटाकार प्लास्टिक असेल तर तो पीआयआर, म्हणजे ‘पॅसिव्ह इन्फ्रारेड’ सेन्सर समजावा. तसे काही दिसत नसेल आणि सेन्सर दिव्याच्या साध्या झाकणामागे दडलेला असेल, तर तो बहुधा मायक्रोवेव्ह, म्हणजेच ‘रडार’ सेन्सर असतो.

पीआयआर स्वतः काहीही सोडत नाही. माणसाच्या अंगातून सतत निघणारे, सुमारे 9 ते 10 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण, तो टिपतो, आणि माणूस व त्याच्या मागची भिंत यांच्या तापमानात फरक असेल तरच त्याला हालचाल कळते. मायक्रोवेव्ह सेन्सर मात्र स्वतः लहरी सोडतो, बहुतेक वेळा 5.8 गिगाहर्ट्झच्या, आणि हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडलेला फरक मोजतो. समोरची वस्तू गरम आहे की गार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता आर्द्रतेकडे वळू. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प मावू शकते, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात आहे ते. मे महिन्यातील दुपारी 44 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे 12 ग्रॅम बाष्प असते. ऑगस्टमध्ये 27 अंश आणि 85 टक्के असताना ते सुमारे 22 ग्रॅम भरते. म्हणजे टक्केवारी चौपटीहून अधिक वाढली, तरी प्रत्यक्ष बाष्प दुपटीलाही पोहोचत नाही. शिवाय 8 ते 14 मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बाष्प फारसे आड येत नाही, आणि मायक्रोवेव्हच्या बाबतीत बाष्पाचे ठळक शोषण 22.2 गिगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे 5.8 गिगाहर्ट्झची लहर त्यापासून बरीच दूर राहते. जिन्याच्या पाच-सात मीटर अंतरात केवळ बाष्पामुळे यांपैकी कोणताही सेन्सर चुकण्याचे कारण नाही.

याचा उलट पुरावा आपल्या घरातच मिळतो. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत संध्याकाळी बाहेरची भिंत पस्तिशीच्या आसपास तापलेली असते, माणसाची त्वचाही साधारण तेवढीच, त्यामुळे अंगणातील पीआयआरला पाहुणा आणि भिंत यांत भेद करता येत नाही, आणि हवा ठणठणीत कोरडी असूनही दिवा लागत नाही. गंमत अशी की भर दुपारी, भिंत माणसापेक्षा बरीच जास्त तापलेली असताना, तोच सेन्सर अधिक चांगले काम करू शकतो, कारण त्याला फरक हवा असतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो. त्याच वेळी आत, ओल्या ताट्यांच्या कूलरने दमट केलेल्या खोलीत, भिंती गार झालेल्या असल्यामुळे पीआयआर व्यवस्थित चालतो. दमटपणा जास्त, तरी अचूकताही जास्त! मायक्रोवेव्ह सेन्सरला मात्र कूलरच्या फिरत्या पात्यांचीच हालचाल दिसते, आणि खोली रिकामी असताना दिवा जळत राहतो.

दोष येतो तो बाष्पाचे पाणी झाल्यावर. वर सांगितलेल्या ऑगस्टच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे 24 अंश आहे. म्हणून एसीच्या गार खोलीच्या दाराबाहेर बसवलेल्या सेन्सरवर, त्याचा पृष्ठभाग त्याहून थंड होताच, थेंब जमतात. पाण्याचा पातळ थरही अवरक्त किरण अडवतो, त्यामुळे पीआयआरचा घुमट आंधळा होतो. पण माझ्या मते त्याहून त्रासदायक ओल असते ती आतल्या सर्किट बोर्डवरची. पीआयआरच्या संवेदकाचा संकेत इतका क्षीण असतो, आणि त्याला जोडलेला रोध इतका प्रचंड, की बोर्डवरच्या ओलसर धुळीतून झिरपणारा सूक्ष्म विद्युतप्रवाहही त्याला हालचालीसारखा भासू शकतो. धूळ उन्हाळ्यात साचते आणि उपद्रव पावसाळ्यात देते, म्हणून दोष हवेचा वाटतो.

मायक्रोवेव्हची अडचण निराळी आहे. पाणी या लहरींना जोरात परतवते, त्यामुळे झाकणावरून ओघळणारे थेंब, छज्जाच्या कडेवरून पडणारी धार, वाऱ्याने हलणारी ओली पाने या सर्वांना तो हालचाल समजतो. लहरी काच, प्लास्टिक आणि पातळ भिंतीतूनही जात असल्यामुळे धार भिंतीपलीकडे पडत असली, तरी सुटका नसते. तेव्हा पावसाळ्यात पीआयआर एकतर झोपी जातो किंवा लहरीपणे वागतो, तर मायक्रोवेव्ह बहुधा अतिउत्साही होतो.

दिवा बदलण्यापूर्वी वेळ पाहावी. पाऊस थांबताच दिवा शहाण्यासारखा वागू लागला, तर धार, पाने किंवा झाकणावरचे थेंब हेच कारण असते. अशा वेळी सेन्सर छज्जाखाली आत सरकवून त्याची संवेदनशीलता थोडी कमी करावी. पाऊस थांबून ऊन पडल्यावरही दुपारपर्यंत गोंधळ चालू राहिला, तर पाणी सेन्सरच्या पेटीच्या आत आहे. ते बहुधा तारेवरून ओघळत आलेले असते, म्हणून तार वरून सरळ आत न नेता खाली वळसा देऊन मग पेटीत घ्यावी आणि तिचे भोक सीलंटने बुजवावे.