ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम: फी भरून मिळणारा फास्ट ट्रॅक सीमाप्रवेश

सतत परदेशी ये-जा करणाऱ्या माणसाची सरकारने एकदाच नीट चौकशी करून ठेवायची आणि मग पुढची काही वर्षं तो सीमेवर आला की त्याला लांबलचक रांगेत उभं न करता वेगळ्या लाइनमधून, मशिनवरून किंवा नुसता चेहरा स्कॅन करून पटकन आत सोडायचं, अशा योजनांना ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम म्हणतात. काही ठिकाणी रजिस्टर्ड ट्रॅव्हलर असंही नाव आहे. यातल्या बऱ्याच योजनांना फी असते. सगळ्यात जास्त नाव झालेली योजना म्हणजे अमेरिकेची ग्लोबल एंट्री, पण ती एकटी नाही आणि पहिली तर नाहीच नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ही फी रांग चुकवायची नसते, ती चौकशीची असते. म्हणजे तुम्ही पैसे भरता ते सरकारने तुमचं रेकॉर्ड तपासावं म्हणून, आणि तपासून झाल्यावर सरकार नाही म्हणालं तरी पैसे परत मिळत नाहीत. एअरपोर्टवर खासगी कंपन्या जी पैसे घेऊन फास्ट ट्रॅकची किंवा मीट अँड ग्रीटची सेवा देतात ती वेगळी, तिथे कोणीही पैसे भरून त्या दिवसापुरती छोटी रांग विकत घेऊ शकतो आणि काउंटरवरची तपासणी सगळ्यांसारखीच होते. ट्रस्टेड ट्रॅव्हलरमध्ये तपासणी कमी होत नाही, ती आधी उरकलेली असते, हा फरक लक्षात ठेवला की बाकीचे नियम आपोआप समजतात.

यामागचा विचार

सीमेवर येणाऱ्या हजारो माणसांपैकी बहुतेक जण निरुपद्रवी असतात, पण काउंटरवरच्या अधिकाऱ्याला हे कळणार कसं, त्याच्याकडे प्रत्येकासाठी जेमतेम एक-दोन मिनिटं असतात. मग जे नेहमीचे आहेत, ज्यांची ओळख आणि इतिहास पक्का माहीत आहे त्यांना बाजूला काढलं तर अधिकाऱ्याचा वेळ अनोळखी माणसांसाठी उरतो. सरकारी भाषेत अशा माणसांना लो रिस्क म्हणतात. गवताची गंजी लहान केली की सुई लवकर सापडते, इतकं साधं गणित आहे. त्यामुळे या योजना प्रवाशांच्या सोयीसाठी आहेत हे अर्धंच खरं, सीमा सांभाळणाऱ्यांची सोय त्यात तेवढीच आहे.

सुरुवात कशी झाली

अमेरिकेने १९९३ मध्ये इन्सपास नावाची योजना काही विमानतळांवर आणली होती, त्यात प्रवाशाच्या पंजाचा आकार मशिनवर मोजून ओळख पटवायचे. आज ऐकायला गंमत वाटते पण त्या काळात ते अगदी पुढचं तंत्र होतं. पुढे ती योजना गुंडाळली गेली. १९९५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर ओटाय मेसा इथे सेन्ट्री सुरू झाली, ही गाडीने रोज ये-जा करणाऱ्यांसाठी होती, आणि तिथे माणसाबरोबर गाडीचीही नोंद करावी लागते. कॅनडाच्या सीमेवर २००० मध्ये पोर्ट ह्युरॉन आणि सार्नियाच्या मध्ये नेक्सस प्रयोग म्हणून चालू झाली, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर थांबली आणि २००२ मध्ये परत सुरू होऊन वाढत गेली. ट्रक ड्रायव्हरांसाठी फास्ट नावाची वेगळी योजना आहे.

युरोपात ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर ऑक्टोबर २००१ मध्ये प्रिव्हियम आली. तिच्यात डोळ्याच्या बुबुळाचा स्कॅन कार्डाच्या चिपवर साठवलेला असायचा, सभासद कार्ड घालायचा, कॅमेऱ्यात बघायचा आणि गेट उघडायचं, शिवाय वर्षाच्या फीमध्ये पार्किंगसारख्या इतर सवलतीही जोडलेल्या होत्या, म्हणजे सीमा ओलांडणं आणि क्लबची मेंबरशिप यांची सरमिसळच.

ग्लोबल एंट्री जून २००८ मध्ये न्यूयॉर्कचं केनेडी, वॉशिंग्टनचं डलस आणि ह्यूस्टन अशा तीन विमानतळांवर प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि २०१२ मध्ये कायमची झाली. अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन खात्याकडे तिचा कारभार आहे. आधी फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले, मग करार होत गेले तसे ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, सिंगापूर, मेक्सिको अशा देशांचे नागरिक आले. भारतीय नागरिकांना २०१७ पासून अर्ज करता येतो. हे करार म्हणजे नुसती सही नसते, त्या देशाने आपल्या बाजूनेही अर्जदाराची पडताळणी करून द्यायची असते, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याच्या अर्जात पोलीस पडताळणीचा टप्पाही येतो.

अर्ज, फी, इंटरव्ह्यू

ग्लोबल एंट्रीची फी बरीच वर्षं १०० डॉलर होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० झाली आणि त्याच दिवसापासून नेक्सस आणि सेन्ट्रीचीही १२० वर आणली. नेक्ससवाल्यांना ही उडी जास्त लागली कारण त्यांची आधी ५० होती. मेंबरशिप पाच वर्षं चालते. आई, वडील किंवा पालक आधीच मेंबर असतील किंवा सोबतच अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालच्या मुलांना फी नाही, पण अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचाही. अमेरिकेतली बरीच ट्रॅव्हल क्रेडिट कार्डं ही फी परत देतात, त्यामुळे तिथे कित्येक जण योजनेबद्दल पहिल्यांदा कार्डाच्या जाहिरातीतच वाचतात.

अर्ज ऑनलाइन भरायचा. कुठे राहिलात, कुठे नोकरी केली, कोणत्या देशात जाऊन आलात, कधी अटक किंवा दंड झाला का, सगळं विचारतात आणि इथे लपवाछपवी करण्यात काही अर्थ नाही, कारण गुन्हा किरकोळ असला तर एक वेळ चालून जाईल पण खोटी माहिती दिली हेच नाकारायचं स्वतंत्र कारण आहे. रेकॉर्ड तपासून झालं की कंडिशनल अप्रूव्हल, म्हणजे अटीवरची मंजुरी मिळते आणि मग इंटरव्ह्यू. या इंटरव्ह्यूच्या अपॉइंटमेंटवरच लोकांचं घोडं अडतं, मोठ्या शहरांमधल्या सेंटरवर तारीखच मिळत नाही. त्यावर चांगला उपाय म्हणजे एनरोलमेंट ऑन अरायव्हल, परदेशातून अमेरिकेत उतरलात की इमिग्रेशनच्या वेळीच तिथला अधिकारी इंटरव्ह्यू उरकतो, अपॉइंटमेंट लागत नाही, फक्त ज्या विमानतळावर ही सोय आहे तिथे उतरायला हवं आणि कंडिशनल अप्रूव्हल हातात हवं. इंटरव्ह्यू साधा असतो, कशासाठी प्रवास करता, काम काय, मग बोटांचे ठसे आणि फोटो.

मिळालेला मेंबर नंबर विमानाच्या बुकिंगमध्येही टाकायचा असतो, तो टाकला तरच अमेरिकेतल्या सिक्युरिटी चेकला प्रीचेकची सवलत लागू होते (बेल्ट काढायचा नाही, लॅपटॉप बॅगेतच). अनेक जण हे विसरतात आणि मग सवलत लागली नाही म्हणून वैतागतात. पासपोर्ट नवा काढला तर तोही खात्यात अपडेट करावा लागतो, नाहीतर मशिनला तुम्ही ओळखूच येत नाही. मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर तो अडकून पडला तरी जुनी मेंबरशिप २४ महिन्यांपर्यंत चालते, म्हणून मुदतीच्या वर्षभर आधी नूतनीकरण खुलं होतं तेव्हाच अर्ज टाकलेला उत्तम.

सुरुवातीला किऑस्कवर पासपोर्ट स्कॅन करा, बोटं टेकवा, पावती घ्या असा प्रकार होता. आता बऱ्याच ठिकाणी नुसता चेहरा वाचणारी पोर्टल आहेत, आणि २०२३ पासून मोबाइल ॲपही आलंय.

काय मिळत नाही

ही मेंबरशिप म्हणजे व्हिसा नव्हे. ज्याला व्हिसा लागतो त्याला तो लागतोच. देशात प्रवेशाची हमीही नाही, अधिकाऱ्याला वाटलं तर तो मेंबरलासुद्धा बाजूला घेऊन प्रश्न विचारतो, बॅगा उघडतो, आणि अधूनमधून काहीही कारण नसताना अशी तपासणी होते तो योजनेचाच भाग आहे. कुटुंबात तिघे मेंबर आणि चौथा नसेल तर चौथा नेहमीच्या रांगेत. सेन्ट्री आणि नेक्ससच्या गाडीच्या लेनमध्ये तर हा नियम फार कडक आहे, गाडीतला प्रत्येक जण मेंबर हवा, मागच्या सीटवर झोपलेलं मूलसुद्धा, एक जण जरी बिनमेंबरचा निघाला तरी चालवणाऱ्याची मेंबरशिप जाऊ शकते.

गमावणं किती सोपं

माझ्या मते या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, कारण लोक मिळवण्यासाठी महिनोन् महिने धडपडतात आणि एका दुर्लक्षात घालवतात. सरकारने दिलेला विश्वास सरकार कधीही काढून घेऊ शकतं. कस्टम्सला न सांगता फळ, मांस, बियाणं आणलं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोख रक्कम डिक्लेअर केली नाही, की झालं. २०१८ मध्ये डेन्व्हरच्या वाटेवर असलेल्या एका प्रवासी बाईने विमानात मिळालेलं सफरचंद नंतर खाऊ म्हणून बॅगेत ठेवलं, ते डिक्लेअर केलं नाही, तिला ५०० डॉलर दंड झाला आणि ग्लोबल एंट्री जायची वेळ आली. फळ विमान कंपनीनेच दिलं होतं हे तिथे कामाला आलं नाही. यात कोणाला अन्याय वाटेल, मलाही शिक्षा जरा जास्तच वाटते, पण नियमाच्या बाजूने बघितलं तर मेंबरला सोडताना अधिकारी त्याच्या तोंडच्या उत्तरावरच विसंबतो, त्यामुळे ते उत्तर चुकणं तिथे जास्त महाग पडतं. शंका असेल तर डिक्लेअर करा. डिक्लेअर केलेलं फळ फार तर काढून घेतात, दंड न सांगण्याचा असतो.

मेंबरशिप नाकारली किंवा रद्द केली तर फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला कोर्टाचे जुने कागद जोडले तर काहींचं काम होतं. पण पत्रात कारण कधी कधी इतकं मोघम असतं की माणसाला नेमकं कशाचं उत्तर द्यायचं तेच कळत नाही, आणि ही या योजनांची खरी उणीव आहे.

सुक्याबरोबर ओलंही जळतं तसंही कधी होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांचे नवे अर्ज आणि नूतनीकरण थांबवलं, कारण राज्याने ड्रायव्हिंग लायसन्सच्या कायद्यात लायसन्सधारकांची माहिती केंद्राच्या इमिग्रेशन खात्यांना द्यायला नकार दिला होता. सामान्य अर्जदाराचा यात काहीच दोष नव्हता. जुलैमध्ये ती बंदी उठली. नेक्ससचंही तसंच, कोविडच्या साथीत बंद झालेली कॅनडातली सेंटर्स त्यानंतरही बराच काळ उघडली नाहीत कारण कॅनडाच्या जमिनीवर काम करणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना कायद्याचं कोणतं संरक्षण असावं यावर दोन देशांचं जमेना, शेवटी २०२३ मध्ये इंटरव्ह्यू दोन वेगळ्या भागांत घ्यायची तडजोड निघाली.

इतर देशांत आणि फुकटातही

आशिया-पॅसिफिकमधल्या व्यापाऱ्यांसाठी १९९७ मध्ये सुरू झालेलं एपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड जरा वेगळं आहे, त्यात बहुतेक सभासद देशांची प्रवेशाची परवानगी कार्डातच येते म्हणजे ते व्हिसाचंही काम करतं, फक्त अमेरिका आणि कॅनडात तेवढी वेगळी रांग मिळते. जपानने २०१६ मध्ये स्वतःची योजना काढली, कार्डाची फी २,२०० येन. दुसरीकडे दक्षिण कोरियाची स्मार्ट एंट्री सर्व्हिस आणि हाँगकाँगचं वारंवार येणाऱ्यांसाठीचं ई-चॅनेल (मशिनने तपासणारं गेट) फुकट आहे. भारतानेही २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर आपली फास्ट ट्रॅक योजना सुरू केली, भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी), आणि तिलाही फी नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर ती गेली.

पैसे घ्यावेत का हा प्रश्न म्हणूनच उरतो. फीच्या बाजूने म्हणणं असं की ज्याला सोय हवी त्याने चौकशीचा खर्च द्यावा, सगळ्यांच्या करातून कशाला. विरोधात असं की सीमेवरची चांगली वागणूक ऐपतीवर ठरू नये. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, विशेषतः कोरिया-हाँगकाँगने हेच काम फुकट करून दाखवल्यावर. आणि तंत्रज्ञान फीवाल्या योजनांच्या पायाखालची जमीन हळूहळू काढून घेतंय. ब्रिटनच्या रजिस्टर्ड ट्रॅव्हलर सेवेला पहिल्या वर्षी ७० पाउंड आणि पुढे दर वर्षी ५० पाउंड पडायचे, मे २०१९ मध्ये अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर आणि दक्षिण कोरियाच्या नागरिकांना ई-गेट (पासपोर्ट आणि चेहरा मशिनने तपासणारे दरवाजे) सरसकट खुले केले आणि त्या देशांच्या लोकांना वर्षाची फी भरायचं कारणच राहिलं नाही. युरोपियन युनियननेही २०१३ मध्ये स्वतःचा रजिस्टर्ड ट्रॅव्हलर प्रोग्राम प्रस्तावात आणला होता, २०१६ मध्ये तो वगळला आणि थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परक्या प्रवाशांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी एंट्री-एग्झिट सिस्टिम तेवढी पुढे नेली, ती ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने चालू झाली.