हवाई स्क्वाड्रनमधल्या गमती आणि किरकोळ फजित्या

लष्करी वैमानिकांच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तुकडीमध्ये, चालत आलेल्या थट्टेच्या प्रथा, टोपणनावं, लुटुपुटूची पदकं आणि कोणाला इजा झाली नाही अशा फजित्यांचे किस्से, असं सगळं या नोंदीत येतं. आपल्याकडे यातलं बरंचसं ब्रिटिश रॉयल एअर फोर्सकडूनच आलं असावं, कारण भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला उभी राहिली तीच त्यांच्या साच्यात. टोपणनावांचंच बघा, त्या सुरुवातीच्या भारतीय वैमानिकांपैकी एकाचं करुण कृष्ण मजुमदार हे कागदोपत्री नाव, पण हवाई दलात माणूस 'जंबो'च.

पहिल्या सोलोनंतर, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवल्यावर, शिकाऊ वैमानिकाच्या शर्टाचं मागचं टोक कापायची प्रथा कुठून आली यावर मात्र एकमत नाही. नेहमीचं उत्तर असं की जुन्या विमानात रेडिओ नव्हता, इन्स्ट्रक्टर मागे बसायचा, पुढच्या पोराला काही सांगायचं तर त्याचा शर्ट मागून ओढायचा, आणि पोरगा एकटा उडून आला की ओढायची गरज संपली म्हणून शेपूट कापलं. ऐकायला झकास, पण ब्रिटिश आणि भारतीय वैमानिक ज्यावर शिकले त्या टायगर मॉथमध्ये इन्स्ट्रक्टर पुढे आणि शिकणारा मागे असायचा, सोलोसुद्धा मागच्याच सीटवरून व्हायचा, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या हाताला शर्ट लागणार कसा? शिवाय बोलायला गोस्पोर्ट ट्यूब होती, साधी रबरी नळी, तीही १९१७ च्या सुमाराची. त्यामुळे ही प्रथा अमेरिकेत रुजली आणि कारण मागाहून चिकटवलं, हे मत जास्त पटतं. सोलो करून आलेल्यावर बादलीभर पाणी ओतण्याच्या प्रथेला असलं काही कारण कोणी शोधत बसलेलं नाही.

फजितीचं सगळ्यात व्यवस्थित दप्तर दुसऱ्या महायुद्धात तयार झालं. ब्रिटिशांचं 'टी एम' हे प्रशिक्षणाचं मासिक १९४१ ला निघालं, त्यात बिल हूपरनं काढलेला पायलट ऑफिसर प्रून दर अंकात नवा गाढवपणा करायचा, आणि प्रत्यक्षात तसा गाढवपणा करणाऱ्याला 'न निघणाऱ्या बोटाचा' किताब जाहीर व्हायचा ('बोट काढ' म्हणजे आळस सोड, असा इंग्रजी वाक्प्रचार आहे). प्रूननं इतकी ब्रिटिश विमानं मोडली म्हणून जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस दिला असं सांगतात, ही बहुधा दंतकथाच. पण चूक लपवण्यापेक्षा हसून सांगितलेली बरी, हे धोरण त्यामागे उघड दिसतं. क्रू रूममध्ये, म्हणजे वैमानिकांच्या बसायच्या खोलीत, चुकीला दंड म्हणून सगळ्यांना पार्टी, हा त्याचाच घरगुती अवतार.

पॅराशूटनं वाचलेल्यांचा कॅटरपिलर क्लब १९२२ चा. समुद्रात पडून वाचलेल्यांचा गोल्डफिश क्लब १९४२ चा, आणि युद्धकाळात धातूच्या बिल्ल्यांवर बंदी म्हणून त्याचा बिल्ला जुन्या काळ्या सुटांच्या कापडावर रेशमानं भरलेला, सोलापूरसारख्या कापडाच्या गावाला हा तपशील आवडावा. मशिन बिघडवणारा ग्रेमलिन हा जणू विमानातला मुंजाच. १९४३ च्या रोआल्ड डालच्या पुस्तकानं तो घराघरात गेला, पण छापील उल्लेख १९२९ पर्यंत मागे जातो, म्हणून तो वायव्य सरहद्दीवरच्या स्क्वाड्रननं १९३०च्या दशकाच्या शेवटी शोधला हे मत टिकत नाही.

सोलापूरचा होटगी रोडचा विमानतळ नागरी आहे. इथून जवळचा मोठा लष्करी तळ पुणे नाही तर बिदर, हवाई कसरती करणारं सूर्यकिरण पथक १९९६ ला तिथेच तयार झालं. हवाई दलातला सोलापूरचा माणूस सुट्टीवरून परतताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेणारच, आणि डबा त्याच्या हाती कितपत उरतो ते सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०१९ ला, दसरा आणि हवाई दल दिन एकाच दिवशी आले तेव्हा, फ्रान्समध्ये पहिल्या राफेलच्या चाकाखाली लिंबं ठेवली त्यावरून देशभर गदारोळ झाला, पण नवा ट्रॅक्टर शोरूममधून लिंबू चिरडूनच बाहेर काढणाऱ्या सोलापूरकरांना त्यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं.