विलापप्रार्थना

संकटाच्या काळात देवाला न सोडता त्याच्याचपुढे दुःख आणि तक्रार मांडण्याची ख्रिस्ती प्रार्थना. तिचा आधार बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहिता हा आहे. तिथल्या 150 स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची मानली जातात. मुकाट्याने सोसणे म्हणजेच निष्ठा, हा समज मराठी ख्रिस्ती घरांतही खोलवर रुजलेला आहे, पण बायबलचा कौल वेगळा पडतो. ईयोब हा जुन्या करारातला, निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेला माणूस. त्याने देवाला उघड जाब विचारला. शेवटी देवाचा राग झाला तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्याच्या मित्रांवर (ईयोब 42:7).

शिकायला सर्वांत सोयीचे 13 वे स्तोत्र. वचने सहाच, त्यामुळे लोकलच्या एका फेरीतही पाठ होतात. पहिल्या दोन वचनांत तक्रार असून मूळ हिब्रूत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणे आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड घाल. पाचवे वचन ‘पण मी’ अशा शब्दांनी उघडते. दुखणे गेलेले नसते, शत्रूही हटलेला नसतो, तरी बोलणारा देवाच्या दयेवर भार टाकतो आणि सहाव्या वचनात गाण्याचा शब्द देतो. साऱ्या विलापाची किल्ली या ‘पण’मध्ये आहे.

चाळीतल्या एका खोलीत भरणाऱ्या घरप्रार्थनेत विलापप्रार्थना अशी करता येते. एकाने स्तोत्र सावकाश मोठ्याने वाचावे. मग ज्याच्यावर प्रसंग आहे त्याने पहिल्या दोन वचनांच्या जागी आपले गाऱ्हाणे घालावे: थकलेले भाडे, गेलेली नोकरी, आईचा आजार. एका वेळी एकच विषय घ्यावा. चार घेतले की तक्रारीची नुसती यादी होते. नंतर दोन-तीन मिनिटे शांतता, कोणी मध्ये बोलायचे नाही. मागणे एका वाक्यात आणि नेमके असावे. ‘पण’चे वाक्य त्याला जमले तर त्याने म्हणावे, नाहीतर बाकीच्यांनी त्याच्यासाठी वाचावे. परळच्या रुग्णालयांत रात्री खाटेशेजारी बसणाऱ्यांना 130 वे स्तोत्र जवळचे वाटेल. पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी त्यात लागोपाठ दोनदा येतो, आणि रात्रपाळी केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

बिघडते ते बहुतेक घाईने. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते; तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि चुकले. ‘देवाची इच्छा’, ‘कसोटी आहे, धीर धरा’ ही वाक्ये शांततेच्या आधी आली की दुखावलेला माणूस पुढच्या सभेला येत नाही. दुसरी चूक दिशेची. अरण्यात इस्राएल लोकांनी आपापल्या तंबूत कुरकुर केली (अनुवाद 1:27), म्हणजे देवाविषयी बोलले, देवाशी नाही. विलाप आणि कुरकुर यांत शब्द तेच असू शकतात. फरक कोणाकडे तोंड करून बोललो याचा. तिसरी चूक सौद्याची: नोकरी लागली तर दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देईन. सहाव्या वचनातले गाणे अशा अटीवर दिलेले नाही.

गुड फ्रायडेला क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्यांतला चौथा, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, हा 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे. स्वतः येशूनेच विलापाचे शब्द उचलल्यामुळे ते अविश्वासाचे आहेत असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही.

हे शब्द साध्या मराठीत यावेत म्हणून पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतरित केले. आईवडील दुष्काळात गेलेले, पती 1882 मध्ये. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला भाषांतराचे काम चालूच होते. 1922 मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

88 वे स्तोत्र वेगळे ठेवावे लागते. त्याच्या अठरा वचनांत ‘पण’चे वळण आशेकडे जातच नाही, आणि हिब्रूतला शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे. ज्याच्याकडून आशेचे वाक्य निघतच नाही त्याला हेच द्यावे, आणि शेवटी कोणीही जोड देऊ नये. तरीही या स्तोत्राची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ या हाकेने होते.